लॅपटॉपवरची ढोलकी

आवाज येत नव्हता म्हणून मी आवाज वाढवत गेलो, एवढीच माझी चूक.

रविवारची सकाळ होती. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादच्या इंदिरापुरममधल्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी एक ओळ लिहीत होतो, ती चालवत होतो आणि कान टवकारत होतो. काही नाही. स्क्रीनचं म्हणणं, सगळं व्यवस्थित चाललंय. मी आवाज पार शेवटपर्यंत चढवला. एका ठोक्याच्या जागी चार लिहिले, चाराच्या जागी सोळा. तरी शांतता. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. बाहेर शेजारच्या भाभीजी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात आमचाच ब्लूटूथ स्पीकर होता. बायकोने तो त्यांना ध्यानाच्या वर्गासाठी दिलेला. तो धडाधड वाजत होता.

"भाईसाहब, हमारे ध्यान में कोई घुस आया है," त्या म्हणाल्या. "आपका तो नहीं?"

माझंच होतं. भाभीजींनी स्पीकर सुरू करताच त्याने त्यांच्या फोनऐवजी भिंतीपलीकडचा आपल्या ओळखीचा लॅपटॉप पकडला होता. पलीकडे पाच-सहा बायका डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसल्या होत्या आणि मी त्यांच्यावर ढोल बडवत होतो.

"आवाज तर येतोय की," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "मग सकाळपासून कसलं रडगाणं चाललं होतं?"

हा सगळा उद्योग तिच्यासाठीच होता. आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूच्या टॉवरांत मिळून बऱ्यापैकी मराठी घरं होती, बहुतेक पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली. त्यांतल्या बायकांना जमवून माझ्या बायकोने मंगळागौरीच्या खेळांचा एक गट काढला होता. फुगडी, झिम्मा, सूप नाचवणं, लाटण्यांचे खेळ, सगळं. कुणाचे गुडघे बोलत होते, कुणी शाळेनंतर फुगडी घातलेली नव्हती, पण गट टिकला. आणि त्या श्रावणात करोल बागेजवळच्या एका जुन्या मराठी मंडळाने त्यांना पहिल्यांदा स्टेजवर बोलावलं. दिल्लीत तीन-तीन पिढ्या काढलेली ती मंडळी. आमच्यासारख्यांना ती 'यमुनेपलीकडचे' म्हणत. बायकोने मनाशी पक्कं केलं होतं की यमुनेपलीकडून काय येतं ते यांना दाखवायचंच.

आणि नेमकी तेव्हाच ढोलकी गेली. म्हणजे ढोलकी वाजवणारी गेली. तिच्या नवऱ्याची बदली मानेसरच्या कारखान्यात झाली आणि ते तिकडे राहायला गेले. नकाशात बघायला गेलं तर दोन्ही ठिकाणं दिल्लीलाच चिकटलेली, पण मानेसरहून गाझियाबादला दर तालमीला ये-जा करण्यापेक्षा पुण्याला जाऊन येणं सोपं.

"बाबा, डाउनलोड कर ना एखादा ट्रॅक, सिंपल," आमची दिल्लीत वाढलेली मुलगी म्हणाली.

"ट्रॅक कसा चालेल?" बायको म्हणाली. "आमची फुगडी कधी लांबते, कधी कुणाचा पदर सुटतो, कधी मध्येच हसू फुटतं. ट्रॅक काय थांबणारे आमच्यासाठी?"

इथे मी तोंड उघडलं. काही दिवसांपूर्वी मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक माणूस प्रोग्रामच्या ओळी लिहीत होता आणि त्या ओळींमधून संगीत वाजत होतं. ते चालू असतानाच तो ओळ बदलायचा की वाजणंही बदलायचं. "हे मी करू शकतो," मी म्हणालो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे असं सांगूनच माझं लग्न जमलं होतं. गेली कित्येक वर्षं मी फक्त मीटिंगा घेतो, हे घरात कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं.

ते बसवताना मात्र घाम फुटला. एक सॉफ्टवेअर ओळी समजून घेणारं, दुसरं प्रत्यक्ष वाजवणारं, तिसरं ज्यात आपण लिहायचं ते. या तिघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. पहिलं म्हणे दुसरं सापडत नाही, दुसरं म्हणे माझी जुनी आवृत्ती काढून टाका, तिसरं काहीच म्हणत नसे, जे जास्त वाईट. अखेर तिघं बोलू लागले आणि मी शेजारचं ध्यान मोडलं.

त्याचा हिशेब मात्र मला आवडला. त्यात एक आवर्तन असतं, ठरलेल्या लांबीचं. त्यात तुम्ही दोन ठोके लिहा, दोन बसतात. आठ लिहा, तेवढ्याच जागेत आठ बसतात, वैशाली मेट्रो स्टेशनबाहेरच्या शेअर ऑटोत बसतात तसे. कुणालाही 'जागा नाही' म्हणत नाही. आवर्तन किती वेगाने फिरवायचं, तो आकडा वेगळा लिहायचा.

आत जे तयार आवाज होते ते ऐकून बायको म्हणाली, "हे 'माता का जागरण' आहे का कुणाचं?" मग मी घरचे आवाज भरले. पोळपाटावर थाप, डब्याच्या झाकणावर बोटं, आणि तिची टाळी. "अजून एकदा," मी म्हणत राहिलो. "हात लाल झाले," ती म्हणाली, पण वाजवत राहिली.

तालमी आमच्याच दिवाणखान्यात होत, शनिवार-रविवार दुपारी, सोफे भिंतीला लावून. आमच्या बरोबर खाली एक तरुण जोडपं राहायचं. दोघंही अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करणारी. आपली दुपार म्हणजे त्यांची मध्यरात्र. त्यामुळे सगळ्या बायका चवड्यांवर खेळत. झिम्मा चवड्यांवर, फुगडी चवड्यांवर. कुणाचा पाय जोरात पडला की बाकीच्या "शूऽऽ, झोपलीत ती!" म्हणून तिलाच दटावत. मी कोपऱ्यात बसून त्यांच्या पावलांशी वेग जुळवला. इतका तंतोतंत, की त्या म्हणाल्या, "भाऊजी, ढोलकीवालीची आठवण नाही येत हो!" ही दाद आपल्या हुशारीला आहे असं मी समजलो.

कार्यक्रमाच्या दिवशी मला कुर्ता घालायला लावून स्टेजच्या कडेला, एका कुंडीच्या मागे बसवलं. बायको पडद्याआड नऊवारीचा काष्टा पुन्हा पुन्हा चाचपत होती. "बघा हं," ती मला म्हणाली, "पहिल्या रांगेतल्या आज्या बघितल्यात ना? एक पाऊल चुकलं तर वर्षभर सांगतील. पुन्हा बोलावणार नाहीत."

मी म्हटलं, "बिल्कुल काळजी करू नकोस." दिल्लीत राहून हा शब्द जिभेवर फार चटकन येतो.

पडदा उघडला. मी ओळ चालवली. पोळपाट वाजला, टाळी वाजली, बायका पुढे आल्या आणि त्यांचं पहिलं पाऊल पडलं.

स्टेज लाकडी होतं. धाडकन आवाज झाला. बायकोने दचकून आपल्याच पायाकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत तिने तो आवाज ऐकलाच नव्हता. खाली कुणी झोपलेलं नव्हतं! हे एकदम सगळ्यांच्याच पायांना कळलं असावं, कारण पुढचं पाऊल त्याहून जोरात पडलं, आणि त्यापुढचं त्याहूनही. चवडे सुटले, टाचा टेकल्या, आणि टाचा टेकल्याबरोबर वेग वाढला. माझा लॅपटॉप मात्र आमच्या दिवाणखान्यातच होता, खालच्यांची झोप सांभाळत. झिम्मा कसाबसा निभावला. लाटण्यांच्या वेळी लॅपटॉप मागून उशिरा टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यासारखा वाटू लागला. फुगडी सुरू झाली तेव्हा एकीचं पाऊल अडखळलं. तिने कुंडीकडे पाहिलं. मग बायकोनेही पाहिलं.

वेग वाढवायला हवा होता. सोपं काम. आकडा शून्य पूर्णांक सहा होता, त्यातल्या सहाचा नऊ करायचा. मी सहाबरोबर दशांशचिन्हही खोडलं आणि नऊ लिहिण्याआधीच बोटं सवयीने चालवायच्या बटणांवर पडली. स्क्रीनवर उरलं होतं शून्य. वेग शून्य. यंत्र अत्यंत आज्ञाधारक. ते थांबलं.

सभागृहात काही वाजेनासं झालं. कुंडीमागे माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

आणि मग त्या शांततेत ऐकू आलं: पावलं, बांगड्या, नऊवारीची सळसळ, तोंडाने धरलेला फुगडीचा 'पक्वा', म्हणजे तो पक्-पक् ठेका, मधूनच दम लागल्याचा आवाज. कुणी थांबलंच नव्हतं. जोडी-जोडीने त्या गरगरत होत्या, एकमेकींच्या हातांवर रेलून, आणि सगळ्यांची पावलं एकत्र पडत होती. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी टाळी धरली. मग दुसरीने. मग सगळ्या सभागृहाने.

मी घाईघाईने शून्यापुढे पॉइंट नऊ लिहिलं आणि चालवायला बोट उचललं. बायकोचा चेहरा गिरकीबरोबर माझ्यासमोरून जात होता, पुन्हा येत होता. एका गिरकीत ती माझ्याकडे बघून मान हलवते आहे असं वाटलं. 'नको' म्हणत होती की नुसतीच गिरकी होती, देव जाणे. मी हात मांडीवर ठेवले आणि प्रेक्षक झालो. हात फुगडी संपल्यावरच हलवले, टाळ्या वाजवायला. त्या आज्या उभ्या राहिल्या होत्या.

परतताना यमुनेच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं होतं. बायको शेजारच्या सीटवर अंबाड्यातल्या पिना एकेक काढत होती. मी माफीचं एक वाक्य मनात तयार करत होतो.

"अहो," ती म्हणाली, "ते बंद पाडलंत की पडलं?"

"पडलं."

"वाटलंच मला. मी सगळ्यांना सांगितलंय, ठरवून होतं म्हणून. नोएडाच्या मंडळाने बोलावलंय आता. तिथेही फुगडीलाच बंद पाडा, बरोबर त्याच जागी. फक्त तेव्हा तोंड असं करू नका. तिसऱ्या रांगेपर्यंत दिसतं."