तांबाला, नग एक

एनेलेसी साकाला झांबियातल्या चिपाटाच्या टॅक्सीतळावर पोचली तेव्हा साडेसात वाजले होते आणि तिच्या काखेतल्या टोपलीत एक तांबडा कोंबडा होता. टोपलीवर तिने चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड, घट्ट बांधलं होतं. पण कोंबड्याची मान बाहेर राहील एवढी फट ठेवली होती.

"मावशी, कोंबड्याचं भाडं वेगळं," सीमेच्या टॅक्सीचा ड्रायव्हर म्हणाला.

"तो माझ्या मांडीवर बसणार आहे. तिघांच्या सीटवर चौघं कोंबतोस, त्यातल्या एकाला तुझ्या मांडीवर घे, आणि मग भाड्याचं बोल."

आधीच आत बसलेल्या दोघी हसल्या. ड्रायव्हरने दार उघडलं.

हा रस्ता एनेलेसीला पाठ होता. अठ्ठावीस वर्षं ती सीमेपलीकडे भुईमूग नेत होती आणि येताना मलावीचा तांदूळ आणि सुकी मासळी आणत होती. नवरा तांब्याच्या खाणीत कामाला म्हणून उत्तरेला गेला, तिथेच त्याने दुसरं घर केलं, आणि एनेलेसीने त्याची वाट बघण्यात जेमतेम एक पावसाळा घालवला. नंतर भुईमुगाचं पहिलं पोतं उचललं. बरोबरीच्या बायका साखरेच्या पुड्या पोटाला बांधून गरोदर होऊन जायच्या आणि पलीकडे गेल्या की बाळंत व्हायच्या. एनेलेसीने कधी काही लपवलं नाही. असेल ते कागदावर लिहायचं, शिक्का घ्यायचा, चालू लागायचं. "लिहिलेलं ओझं हलकं असतं," ती म्हणायची. बायका तिला 'पोस्टमास्तरीण' म्हणून चिडवत.

आजचं ओझं मात्र भुईमुगाचं नव्हतं. तिची धाकटी बहीण फालेसी चार वर्षांचा योतामू मागे ठेवून गेली, त्याला एनेलेसीने वाढवलं. तो तिला 'मोठी आई' म्हणतो. आता तो वेल्डिंग करतो. पलीकडच्या एका गिरणीचा मोडलेला भाग सांधायला आला, त्याच्यासोबत गिरणीवाल्याची भाची तियामिके आली होती. भाग दोन दिवसांत सांधला गेला, पण नंतर तो सहा वेळा मोडला. सहाव्या वेळी एनेलेसीने योतामूला विचारलं, "गिरणी इतकी वाईट आहे, की तुझं काम?"

आज दुपारी दोन वाजता तियामिकेच्या गावी चिनखोस्वे होतं. त्यात मुलाकडचा नखोस्वे कोंबडा देतो, मुलीकडचा नखोस्वे कोंबडी देतो, आणि मग लग्न ठरलं. नखोस्वे म्हणजे शब्द देणारा माणूस. उद्या संसारात काही बिनसलं तर दोघांना समोर बसवून कान उपटण्याचा हक्कही त्याचाच. तो मान मामाचा असतो. पण एनेलेसीचा भाऊ सोफेनिया याला योतामूसाठी आपल्या बायकोच्या गावची मुलगी हवी होती. गुरुवारी त्याने निरोप पाठवला की गुडघा दुखतो, प्रवास झेपणार नाही.

एनेलेसी स्वतः जाऊन विचारून आली, "गुडघा दुखतोय की नाक?"

"मग तूच जा की," सोफेनिया म्हणाला. "बघू, बाईच्या हातचा कोंबडा कोण घेतं ते."

तिकडे मुलीच्या गिरणीवाल्या मामाला, लाझारो चिसालेला, याचा सुगावा लागला होता. त्याने फोनवर सरळ सांगितलं, "दोन वाजेपर्यंत कोंबडा आणि नखोस्वे दोन्ही अंगणात दिसले नाहीत तर पाहुणे जेवून घरी जातील. ज्या मुलामागे माणूस नाही त्याला आम्ही मुलगी देत नाही."

योतामू आदल्या दिवशीच पुढे गेला होता. तो तिकडून फोनवर घाबरून म्हणाला, "मोठी आई, कोंबडा इकडेच विकत घेऊ. सीमेवर पक्षी अडवतात म्हणे."

"विकतचा कोंबडा म्हणजे भाड्याने आणलेला मामा," एनेलेसी म्हणाली. "आपल्या अंगणात दाणे टिपलेलाच येईल."

पक्षी न्यायला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, हे तिला माहीत होतं. शुक्रवारी ती त्या कचेरीत गेली होती. दाराला कुलूप होतं. साहेब मयतीला गेले होते. म्हणून आज दाखल्याशिवायच निघाली होती.

सीमेवर आता दोन्ही देशांच्या खिडक्या एकाच लांबलचक इमारतीत आहेत. झांबियाच्या खिडकीवर पासपोर्टवर शिक्का झाला. पुढे मालाचा फॉर्म. त्यावर दोन रकाने: माल, नग. चौथी शिकलेल्या एनेलेसीला कोंबड्याचं इंग्रजी स्पेलिंग येत नव्हतं, म्हणून तिने आपल्याच भाषेत ठसठशीत अक्षरांत लिहिलं: तांबाला. नग: एक.

मलावीच्या खिडकीत गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक नवा कारकून होता. त्याने फॉर्म वाचला आणि त्याला हसू फुटलं.

आता, तांबाला म्हणजे कोंबडा हे दोन्हीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मलावीने आपली नाणी पाडली तेव्हा सगळ्यात लहान नाण्यावर कोंबडा कोरला आणि नाण्याचं नावच तांबाला ठेवलं. आज त्या नाण्यात काडेपेटीतली एक काडीसुद्धा येत नाही.

"मावशी, एक तांबाला?" कारकून म्हणाला. "माझ्या आजोबांनी पाहिला असेल शेवटचा. हे लिहायची काय गरज होती?"

"जे नेतेय ते लिहिलं."

"जपून ठेवा. नातवंडांना दाखवायला होईल."

"नातवंडांना नाही, व्याह्यांना दाखवायचाय," एनेलेसी म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं की हा मुलगा नाण्याबद्दल बोलतोय.

तिने तोंड उघडलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. टोपली खिडकीच्या खाली, तिच्या पायांजवळ होती. कोंबडा कधी नव्हे तो शहाण्यासारखा बसला होता. एनेलेसीने तोंड मिटलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

कारकुनाने शिक्का मारला.

ती फाटकापाशी पोचली. पहारेकरी कागद उलटसुलट करून बघत होता, तेवढ्यात टोपलीतून मान वर झाली आणि कोंबडा आरवला. असा आरवला, की पैसे बदलून देणारे, उकडलेली अंडी विकणाऱ्या बायका, ट्रकच्या सावलीत झोपलेले ड्रायव्हर, सगळ्यांनी माना वळवल्या.

"हे काय आहे?" पहारेकऱ्याने विचारलं.

"कागदावर आहे. वाच."

"तांबाला," त्याने वाचलं, टोपलीकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "नग एक." आणि तिला घेऊन तो परत खिडकीपाशी आला.

कारकुनाचा चेहरा पडला. रांगेतले लोक मात्र ताजेतवाने झाले. एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सुट्टे आहेत का? हा तांबाला मोडून द्या." दुसरा म्हणाला, "महागाई बघा, नाणंसुद्धा ओरडायला लागलं."

आवाज ऐकून आतून मोठ्या बाई आल्या. या नाक्यावरच्या सगळ्यात वरच्या अधिकारी, मिसेस गोंडवे. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात चहाचा कप. त्यांनी फॉर्म वाचला, कोंबड्याकडे पाहिलं, मग कारकुनाकडे इतका वेळ पाहिलं की त्याने टेबलावरचा शिक्का उगाचच उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"दाखला नाही, म्हणजे पक्षी जप्त होणार," त्या एनेलेसीला म्हणाल्या. "नियम आहे. आणि तुम्ही आमच्या माणसाला फसवलंत."

"लिहिलं ते खरं लिहिलं, बाई," एनेलेसी म्हणाली. "पण त्याचा घोळ झालाय हे मला खिडकीतच कळलं होतं आणि मी गप्प बसले. तेवढी चूक माझी. दंड लावा. कोंबडा मात्र घेऊ नका."

असं कोणी आपणहून कबूल केलेलं त्या इमारतीने फारसं ऐकलं नव्हतं.

"नेताय कुठे?"

"चिनखोस्वेला. दोन वाजता आहे."

"मग नखोस्वे कुठे आहेत? त्यांना पुढे येऊन बोलायला सांगा."

"मीच आहे."

मिसेस गोंडवेंनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही? मामा नाहीत?"

"मामाचा गुडघा दुखतो."

"माझ्या मुलीच्या वेळी माझ्या भावाची पाठ दुखत होती," मिसेस गोंडवे म्हणाल्या. "आम्ही त्याला गादीवर घालून आणला. मी का नाही बसले कोण जाणे." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि पहारेकऱ्याला सांगितलं, "आंब्याखाली जनावरांचे इन्स्पेक्टर बसलेत, त्यांना बोलवा. पक्षी तपासू दे. निरोगी असेल तर इथेच दाखला होईल, फी भरून. नसेल तर माझा इलाज नाही."

इन्स्पेक्टर म्हणजे हळू चालणारे, हळू बोलणारे एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी कोंबड्याचे डोळे पाहिले, चोच उघडून पाहिली, पंखांखाली फुंकर मारली. एनेलेसी चोचीकडे टक लावून बघत होती. रात्री तो एकदा शिंकला होता. इन्स्पेक्टरनी मान डोलावली आणि फॉर्म काढला.

"प्रयोजन," त्यांनी वाचलं. "कत्तल की पैदास?"

"लग्न."

"तसा रकाना नाही."

"कत्तल नाही एवढं नक्की," एनेलेसी म्हणाली.

"पैदास लिहा, पैदास," मागून एक अंडीवाली म्हणाली. "लग्न तरी कशासाठी करतात?"

सगळी रांग हसली. मिसेस गोंडवेंना कप खाली ठेवावा लागला. इन्स्पेक्टरनी न हसता लिहिलं: पैदास. त्याखाली आणखी एक ओळ भरली, सही केली, फी घेऊन पावती दिली.

"दंड?" एनेलेसीने विचारलं.

"दंड तुमच्या भावाला लावा," मिसेस गोंडवे म्हणाल्या. "निघा आता. अकरा वाजून गेले."

पलीकडची मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या दिवशी ती भरता भरता बारा वाजले. कंडक्टर शेवटच्या दोन जागांसाठी ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. एनेलेसीने खिडकीतून तोंड काढलं आणि अंडीवालीलाच हाक मारली, "अगं, तुझी अंडी पुढच्या बाजारात जास्त खपतील, चल." अंडीवाली खरंच टोपली उचलून आली, बरोबर बहिणीलाही घेऊन आली, आणि बस सुटली.

तियामिकेच्या गावच्या फाट्यावर ती उतरली तेव्हा सव्वा वाजला होता. पुढे सायकल-टॅक्सी. मागच्या कॅरिअरवर स्पंजची गादी बांधलेली, त्यावर एनेलेसी एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर टोपली. चढावर सायकलवाला धापा टाकत म्हणाला, "मावशी, जरा उतरता का?"

"दोन वाजता पोचवलंस तर येताना पण तुझ्याच सायकलवर बसेन. आत्ता पाय मार."

अंगणात मांडव होता, बाकं होती, पुढे समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर लाझारो चिसाले कोट घालून बसला होता, पायाशी पांढरी कोंबडी. समोरची खुर्ची रिकामी होती. योतामू खांबाला टेकून उभा होता. एनेलेसीला बघताच तो खांब सोडून सरळ झाला. दोनला दहा मिनिटं कमी होती.

लाझारोने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "नखोस्वे कुठे आहेत?"

"माझ्या मागे धूळ आहे, मामा. नखोस्वे पुढे आहे."

मांडवात कुजबुज झाली. लाझारो उठला नाही. "बाईमाणसाशी मी शब्दांची देवाणघेवाण कशी करू? उद्या भांडण झालं तर जबाबदार कोणाला धरू?"

एनेलेसीने पदराच्या गाठीतून काढावा तसा कमरेच्या गाठीतून कागद काढला आणि शेजारच्या पाद्रीबुवांच्या हातात दिला. "मोठ्याने वाचा. तुमच्याच सरकारचा आहे."

पाद्रीबुवांनी वाचलं, "पक्षी: तांबाला, नग एक. प्रकृती: उत्तम. प्रयोजन: पैदास." इथे बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. पाद्रीबुवा घसा खाकरून पुढे गेले, "पक्ष्यासोबतची जबाबदार व्यक्ती: एनेलेसी साकाला."

"काय वाचलंत?" तियामिकेची आई म्हणाली. "शेवटची ओळ परत वाचा."

त्यांनी परत वाचली.

"दादा, जबाबदार कोण ते शिक्का मारून आलंय," ती लाझारोला म्हणाली. "आता तू उठतोस, की तुझ्या जागी मी बसू?"

लाझारो उठला.

एनेलेसी रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या तोंडी असलेली वाक्यं तिने लहानपणापासून मागच्या चटईवर बसून ऐकली होती. "आमचा कोंबडा फिरत फिरत तुमच्या अंगणात आला," ती म्हणाली. "इथे त्याला एक कोंबडी दिसली. आता तो घरी दाणे टिपत नाही."

"कोंबडी आमची आहे," लाझारो म्हणाला. "कोंबडा कोणाचा?"

"माझा."

कोंबडा त्याच्या हातात गेला, कोंबडी तिच्या हातात आली. बायकांनी जिभा हलवून असा जल्लोष केला की दोन्ही पक्षी एकदमच ओरडले, आणि योतामू तोंड फिरवून डोळे पुसू लागला. तियामिके घरातून धावत आली ती थेट एनेलेसीच्या पायाशी गुडघे टेकून बसली.

जेवणं वाढली गेली. न्सिमाचे, म्हणजे घट्ट शिजवलेल्या मक्याच्या पिठाचे, गरम, पांढरे गोळे, पालेभाजी, आणि पाहुण्यांसाठी खास कापलेल्या कोंबडीचा रस्सा. कोंबडीचा पेटा, म्हणजे तिच्या पोटातली दाणे दळणारी पिशवी, हा त्या भागात कर्त्या पुरुषाचा वाटा. बायकांनी तो शिजवायचा, वाढायचा आणि ताटाकडे बघायचं नाही. एनेलेसीने आजवर तो बापाला वाढला होता, नवऱ्याला वाढला होता, सोफेनियाला तर कितीदा. तियामिकेच्या आईने पळी भरली, पुरुषांची रांग ओलांडून आली आणि पेटा एनेलेसीच्या ताटात टाकला. लाझारोने पाहिलं आणि आपल्या ताटातला रस्सा कालवायला घेतला.

पेटा जरा चामट होता. आणखी अर्धा तास चुलीवर हवा होता, हे तिच्या जिभेला लगेच कळलं. ती सावकाश, शेवटपर्यंत चावत राहिली, आणि मग समोरच्या मंडळींना म्हणाली, "हं, आता लग्नाच्या तारखेचं बोलू."