मावशीचा जिना

दुपारी वॉचमनचा फोन आला, "मॅडम, मौसी चौथे माले पे बैठी है, उठती नहीं." मी ऑफिसातून धावत निघाले, पण मनाला कळलं होतं. लिफ्ट चालू असताना जिना चढणारी लालबागच्या आमच्या अख्ख्या टॉवरमध्ये एकच बाई होती... माझी शालूमावशी.

मावशी बरीच वर्षं तुरुंगात होती. लपवायचं काय त्यात, गल्लीला सगळं ठाऊक आहे. दारू पिऊन अंगावर आलेल्या नवऱ्याच्या डोक्यात तिने वरवंटा घातला आणि तो गेला. पोलिसांनी तिला चाळीच्या जिन्यावरून उतरवलं, तेव्हा मजल्यामजल्यावरची दारं धडाधड बंद झाली. नवऱ्याबद्दल ती कधी बोलली नाही. त्या दारांबद्दल मात्र प्रत्येक भेटीत बोलायची. "सुटले की त्याच जिन्याने वर येणार गो. माझ्या पायांनी. बघूंदेत सगळ्यांनी."

म्हणून तिने पाय जपले. आत बाई लवकर म्हातारी होते, पडून राहिली की संपलीच, असं ती सांगायची. बराकीसमोर एक पायरी होती, तिच्यावर हिचं रोज सकाळी चढ-उतर, चढ-उतर. बाकीच्या बायका हसायच्या, "म्हातारे, निघालीस कुठे?" ही म्हणायची, "लालबागला!" पुढे त्यातल्याच दोघी-तिघी तिच्यामागे पायरी चढायला लागल्या. रडत बसलेल्यांना ती हाताला धरून फुगडीला उभं करायची. केस पांढरे झाले, दात गेले, पण भेटीला जावं तर जाळीपलीकडे बाई ताठ उभी! आणि मी, तिच्याहून कितीतरी लहान, इकडे गुडघे चोळतेय. "लाज नाय वाटत?" म्हणायची.

चाळ पाडून तिथेच टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा मीच तिला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "टॉवरला जिना असतो ना गो?"

"असतो. पण चढतंय कोण? लिफ्ट असते."

"असतो ना? मग झालं तर."

सुटली त्या दिवशी अकरा मजले चढली. मागून मी धापा टाकत. टॉवरचा जिना म्हणजे नुसत्या भिंती आणि मजल्यामजल्यावर, आग पसरू नये म्हणून कायम बंद ठेवायचं जाड दार. चिटपाखरू नाही. घरात आल्यावर ती पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, "कोणी बघलंच नाय गो..." तरी दुसऱ्या दिवसापासून रोज जिन्यानेच यायची. आज ना उद्या एखादं दार उघडेल, म्हणायची.

हॉस्पिटलमधून तिला आणलं, तेव्हा सगळे म्हणाले, अंत्यदर्शनाला खालीच ठेवूया, स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नाही. मी भडकलेच. "वर न्यायचं. जिन्याने." पोरांनी उचललं. प्रत्येक वळणावर आरडाओरडा, "सावकाश रे, डोक्याकडून वर घे," आणि त्या आवाजाने एकेक दार उघडत गेलं. जुन्या चाळीतली माणसं, नवे भाडेकरू, सगळे हात जोडून उभे. मावशी, सगळी दारं उघडी होती गो. फक्त पाय तुझे नव्हते.

चौथ्या मजल्यावर ती बसली होती तिथलं दार आता पेडणेकरकाकी वीट लावून उघडं ठेवतात. मावशीला पोलिसांनी नेलं त्या दिवशी चाळीत पहिलं दार त्यांनीच लावलं होतं. परवा मी म्हटलं, "काकी, आता कोण येणार आहे?" त्या म्हणाल्या, "असूंदे गो. उघडंच बरं."

वॉचमन रोज ती वीट काढतो. काकी रोज परत लावतात.