मशीनला लावलेला कौल

देवाला सगळ्यात जास्त राबवणारा माणूस पृथ्वीवर कुणी असेल, तर तो आमच्या आयटीआयच्या वेल्डर बॅचमधला गुरवाचा मुलगा. आमच्याकडे देवाला कौल लावतात यात नवीन काही नाही. मूर्तीला ओले तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा, उजवा दाणा पडला तर हो, डावा पडला तर नको. पण लोक लग्नासाठी, जमिनीसाठी लावतात. हा केस कापायला जाऊ का म्हणून लावायचा. खानावळीत बांगडा घेऊ की सौंदाळा म्हणून लावायचा, तेही पाण्याच्या तांब्याला! दाणा पडेपर्यंत दोन्ही मासे संपलेले. मी सगळ्यांच्या नकला करतो. याची केली तर रागावणं राहिलं बाजूला, हा मलाच शिकवायचा, "मान जरा खाली घे. देवाकडे असा बघतत?"

वर्कशॉपात तर कहर. वेल्डिंग मशीनच्या पत्र्यावर दाणे चिकटवून हा हात जोडून उभा. सर ओरडायचे, "अरे गाढवा, करंट पत्र्याची जाडी बघून ठरवतात!" पण एकदा रॉड पेटला की सरांचंही तोंड बंद. ओहोटीला तोंडवलीच्या वाळूवर उठतात ना, तशा एकसारख्या रेघा याच्या जोडावर उठायच्या.

त्याला बोटींवर वेल्डिंग करायचं होतं. पण बाबा म्हणाले होते, "जिल्ह्याच्या स्पर्धेत पयलो इलंस तर खंय जावचा थंय जा. नाय तर घराकडे ये आणि देऊळ सांभाळ." परीक्षक गोव्यातल्या बोटी बांधणाऱ्या यार्डातले होते. म्हणजे सगळं त्या एका सकाळवर.

शिट्टी वाजली. सगळ्यांची हेल्मेटं खाली, जिकडेतिकडे ठिणग्या, आणि याच्या वेल्डिंगच्या खोपट्यात अंधार! मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीवरून वाकून बघतो तर हा हाताची घडी घालून मशीनसमोर उभा.

"अरे, काय झाला?"

"डावो पडलो. देव नको म्हणता."

सर पलीकडे डोक्याला हात लावून खुर्चीत बसले.

"मेल्या, इचारलंस काय तू?"

"पयलो येतलंय काय, असा."

"तां कित्याक इचारलंस? सांधूक घेव काय, तां इचार!"

हे त्याला पटलं. शांतपणे डबी उघडली, दाणे भिजवले, नव्याने लावले. बाकीच्यांचे अर्धे जोड झाले होते आणि आम्ही दोघं तांदळाकडे बघत होतो. उजवा पडला. माझ्या मते पंख्याच्या वाऱ्याने, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

जोड पुरा करायला त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. मग परीक्षकांनी जोड घासून सपाट केले आणि सांधा टिकतो का बघायला एकेक पट्टी दाबून वाकवली. कितीतरी पट्ट्या तडकल्या. याची घोड्याच्या नालासारखी वळली, केसाएवढी चीर नाही. पण वेळेचे मार्क गेले ते गेलेच. दुसरा नंबर! परीक्षक सरांना म्हणाले, "पहिला नसेना का, हा मुलगा मला यार्डात हवाय."

संध्याकाळी बाबा त्याला न्यायला आले. उपरणं खांद्यावर, चेहरा देवळातल्यासारखाच. सगळं ऐकून घेतलं.

"कौल कोणाक लावलंस?"

"मशीनीक."

आता थोबाडीत बसणार, म्हणून मी मागे सरकलो. बाबांनी ती वाकलेली पट्टी उचलली, अंगठा फिरवला, परत फिरवला.

"सांधो खंयसर आसा?"

त्याने बोटाने दाखवला. मग खिशातली डबी काढून बाबांपुढे धरली. "पयलो नाय इलंय, बाबा. आता तुमीच कौल लावा. जाव काय गोव्याक, इचारा."

बाबांनी डबी घेतली, झाकण घट्ट लावलं आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"देवाक कित्याक इचारूचा? जा तू."

पोराने बाबांच्या खिशाकडे बघितलं.

"आणि देऊळ?"

"मी आसंय मां."

पोरगा परीक्षकांकडे गेला आणि मी बाबांना एसटीत बसवून द्यायला गेलो. पट्टी त्यांनी पिशवीत घालून मांडीवर ठेवली होती. शेजारची जागा मोकळी. गाडी सुरू झाली तशी त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"थंय जेवणाचा काय रे? वेळेर जेवतलो मां तो?"

मला काय माहीत? मी कधी गोव्याला राहिलो होतो?

"जेवतलो, काका," मी म्हटलं, "जेवतलो."