चौकशीत न विचारलेला प्रश्न

मुरूडच्या रस्त्यावर मासळी गोठवायचा एक कारखाना आहे. जयमाला तिथे एकोणीस वर्षं कोलंबी सोलते. भानगडीत पडणारी बाई ती नव्हे. पण शीतयंत्रावरच्या विनेशला कामावर झोपल्याबद्दल आरोपपत्र मिळालं, आणि चौकशीत त्याच्या बाजूने बसायला कुणी तयार होईना. नियमाने सोबतचा कुठलाही कामगार चालतो, म्हणून तो शेवटी हिच्याकडे आला.

"मी झोपलोच न्हवतो असं सांगू, ताई," तो म्हणाला.

"झोपला होतास का?"

मग त्याने खरं सांगितलं. रात्रपाळी संपली तरी बदली माणूस आला नाही, म्हणून त्याला तसंच पुढे थांबवलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला. अमोनियावर चालणाऱ्या यंत्रापाशी डोळा लागणं, वायू गळला असता तर, किती महागात पडलं असतं, हे जयमालाला ठाऊक होतं. खोटं बोलणार असशील तर मी येणार नाही, असं तिने त्याला बजावलं.

चौकशी घ्यायला बाहेरचे वकील आले होते. पाळीचा सुपरवायझर दिपेश साक्षीला होता. त्याचं सांगून झाल्यावर जयमालाने एकच विचारलं.

"त्या सकाळी विनेशला पाळीवरून सोडवायला कोण आलं होतं?"

दिपेशने वकिलांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "कोणी नाही."

विनेशने झोपल्याचं कबूल केलं. नोकरी वाचली, चार दिवसांच्या निलंबनावर भागलं. त्याची आई घरी येऊन जयमालाचा हात धरून कितीतरी वेळ बसली.

दिपेशने मात्र बोलणं टाकलं. समोर आली की मान वळवून जायचा. पंधरा दिवस तिने वाट पाहिली, मग जेवणाच्या सुट्टीत स्वतःच त्याच्याकडे गेली आणि राग धरलास का, म्हणून विचारलं.

"प्रश्न बरोबर होता, ताई. पण त्या आठवड्यात मी वरच्या साहेबांकडे तीनदा बदली माणूस मागितला होता. ते कुणी विचारलं न्हाय." त्याने खिशातून कागद काढला. बदली माणूस का ठेवला नाही, याचा खुलासा कंपनीने आता त्याच्याकडेच मागितला होता.

माणूस न देणारा चौकशीच्या खोलीत नव्हताच, आणि त्याच्याबद्दल विचारायचं जयमालालाही सुचलं नव्हतं. खरं बाहेर आलं, या समाधानात ती त्या दिवशी घरी गेली होती.

"मागितलंस ते लिहून?"

"फोनवर."

"मग तारखा आठव," ती त्याच्या शेजारी बसत म्हणाली, "आणि आता तरी लिही."

पहिली तारीख आठवायलाच त्याला बराच वेळ लागला.