एकही खाडाखोड नाही

मीरा रोडच्या एका शाळेत चौथीला शिकवणाऱ्या शुभदाबाईंचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्याचा अभिमान त्या कधी लपवत नसत, तसाच खरं बोलण्याचाही. वहीत खाडाखोड दिसली की पोरांना अख्खं पान पुन्हा लिहावं लागे. २००१च्या फेब्रुवारीत जनगणनेचं काम गळ्यात पडलं आणि वाट्याला राई गाव आलं. गिरगावातून मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना सात वर्षं झाली होती. पण भाईंदर पश्चिमेला बसमध्ये बसलं की थोड्याच वेळात भातशेती लागते, खाडी लागते, दारात वाळत घातलेली जाळी दिसतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पहिले दोन दिवस त्या सहलीला आल्यासारख्या हिंडल्या. तिसऱ्या दिवशी चप्पल चावायला लागली, आणि गाव म्हणजे नुसती उरलेल्या घरांची संख्या झाली.

शेवंतीच्या घरी त्या भर दुपारी पोचल्या. ओटीवर तिचा धाकटा दीर रघू बसला होता. त्यानेच भराभर माहिती दिली. वहिनीचं वय पन्नासेक, नवरा वारलेला. आणि काम? "कसलं काम? घरीच असते," तो म्हणाला. बाईंनी सुबक अक्षरात लिहिलं, काम करत नाही. मागच्या दारी डोकवायला दहा पावलंही पडली नसती. पण पुढे अजून अकरा घरं व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर एका बाईने त्यांना थांबवलं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर वालाच्या शेंगांची टोपली. हीच शेवंती. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं तीन तुकडे ती एकटी कसत होती. चिखलणी, लावणी, कापणी, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला पडलेली खेकड्यांची भोकंही तीच बुजवायची.

"बाई, माजं नाव लिवलं ना? काय लिवलं?" तिने विचारलं.

तिच्या मातीने भरलेल्या हातांकडे बघत शुभदाबाई म्हणाल्या, "शेतकरी लिहिलंय." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

घरी जाऊन दुरुस्ती करायची असं त्यांनी ठरवलं होतं, हे खरं. संध्याकाळी फॉर्म काढला, पेनही उघडलं. अख्ख्या गठ्ठ्यात एकही खाडाखोड नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुढे साहेबांनी तो गठ्ठा चारचौघांना नमुना म्हणून दाखवला.

दिवाळीनंतर शेवंती पत्ता विचारत विचारत मीरा रोडला आली. लिफ्टची भीती वाटली म्हणून पाच मजले चढून, पाठीवर नव्या तांदळाची पिशवी घेऊन. आजवर आपल्याला कुठल्या कागदावर कुणी शेतकरी म्हटलं नव्हतं, म्हणून पहिला तांदूळ बाईंना, असं तिचं म्हणणं. त्यानंतर दर वर्षी ती येत राहिली. पहिल्या वर्षी तो भात शुभदाबाईंच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या वर्षी उतरला. तिसऱ्या वर्षापासून त्या शेजारणींना त्याची चव वर्णन करून सांगू लागल्या. लाजेचीही माणसाला सवय होते.

२००९च्या उन्हाळ्यात रघूने तिन्ही तुकडे बिल्डरला द्यायचं काढलं. खाडीकडचा एक तुकडा आपल्याला कसायला राहावा, एवढंच शेवंतीचं मागणं होतं. भावकीची बैठक बसली. वहिनी घरातच असायची, शेत मी बघायचो, असं रघूने ठोकून दिलं. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण जो तो आपापली जमीन देऊन बसलेला, तोंड कोण उघडणार? शेवंती म्हणाली, सरकारात लिहिलेलं आहे, बाईंना घेऊन येते.

बसमध्ये तिने खिडकीजवळची जागा बाईंना दिली. राई येईपर्यंत खरं सांगून टाकायला पुष्कळ वेळ होता. शुभदाबाई बाहेर बघत बसल्या.

भावकीतले वडीलधारे गुणवंत यांनी अदबीने विचारलं, बाई, तुम्ही काय लिहिलं होतंत? हो म्हटलं असतं तर कोण कागद काढून बघणार होतं? पण रघू त्यांच्याकडे बघून हसत होता. आपण काय लिहवून घेतलं होतं ते त्याला आठवत होतं. खरं बोलण्याचा जन्मभर तोरा मिरवलेल्या बाईंनी खरं बोलायला नेमकी हीच वेळ साधली.

"मी शेतकरी लिहिलं नाही. काम करत नाही, असं लिहिलं," त्या म्हणाल्या.

शेवंती आवाज चढवून बोलली नाही. "मंग आठ वर्सं तांदूळ कोनचा खाल्ला, बाई?"

खाल्ल्या अन्नाला जागावं म्हणतात. शुभदाबाईंना कागद आठवला होता, अन्न आठवलं नव्हतं. "तुमचा," त्या म्हणाल्या, आणि मग रडत रडत सगळं सांगून टाकलं, ती टोपली, तो बांध, ते हात, न केलेली खाडाखोड. गुणवंतांनी मान खाली घातली. दर वर्षी वाल आमच्याही घरी येतात, असं ते पुटपुटले. मग आणखी दोघं तसंच बोलले. खाडीकडचा तुकडा शेवंतीकडे राहिला. निघताना बाईंनी तिचे हात धरले. तिने ते सोडवून घेतले, पण बसपर्यंत पोचवायला मात्र आली.

त्या दिवाळीनंतर शुभदाबाईंनी तांदळाचा डबा घासून, उन्हात वाळवून ठेवला. त्या पावसाळ्यात शेवंतीने लावणी केल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. महिना गेला, दीड महिना गेला. शेवटी पिशवी घेऊन त्या खालच्या वाण्याकडे गेल्या.

"मॅडम, कौनसा चावल दूँ?" त्याने विचारलं.

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि शुभदाबाई एकेका पोत्यातला तांदूळ मुठीत घेऊन हुंगत होत्या.