हलीमाखालांची गाडी आणि ब्रेकच्या डिस्क

ब्रेकच्या जुन्या डिस्क भंगारवाला तोलून घेऊन जातो. त्यांचे किस्से मात्र कोणी नेत नाही, ते गॅरेजातच साठत राहतात! रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत आलात की माझं गॅरेज. ब्रेकच्या कामात मला हरवणारा या पट्ट्यात कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही!

आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे हलीमाखाला. मुलगा रिझवान कुवेतला. त्याने घरच्यांसाठी मोठी एसयूव्ही घेतली, सुट्टी संपली, गेला परत. खालांनी पन्नाशी उलटल्यावर क्लास लावला, लायसन काढलं आणि मोहल्ल्यातल्या बायकांना दवाखाना, लग्न, बाजार असं सगळीकडे न्यायला सुरुवात केली.

एकदा पावसात गाडी बरेच दिवस उभी राहिली. खाला आल्या, "दिनेश, चाकातून खरखर येते रे!"

मी म्हटलं, "चाकाच्या आत लोखंडी चकती असते, ती डिस्क. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्हीकडून धरतात. दमट हवेत तिला गंज चढतो. चार वेळा ब्रेक मारा, जाईल."

थोड्या दिवसांनी खालांची गाडी गेटातून आत आली आणि थांबेचना! थेट माझ्या जुन्या टायरच्या ढिगात घुसली. घर जवळच होतं म्हणून निभावलं. चाक खोललं, तर खोबरेल तेलाचा घमघमाट!

"खाला, हे काय?"

"गंज चढतो म्हणालास ना? काठीला फडकं गुंडाळून तेल लावलं. कोयत्याला लावते तसं!"

पॅड तेल पिऊन बसले होते. ते फेकून नवे टाकले, डिस्क धुऊन काढल्या.

हे रिझवानला कळलं. त्याने व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोरच सांगून टाकलं, "अम्मी, पुन्हा ब्रेकची भानगड झाली तर मी येऊन गाडी विकणार."

फोन ठेवल्यावर खाला म्हणाल्या, "गाडी गेली तर मी परत दारात बसून रिक्षाची वाट बघायची काय रे?" मला खरंच वाईट वाटलं.

* * *

मध्येच पेणचे एक मूर्तिकार आले. घरच्या एसयूव्हीतूनच मूर्ती पोचवतात. ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं आणि मागे गणपती थरथरायचे! डिस्क मोजल्या तर दोन्ही झिजून पातळ.

"दिनेशराव, डावीकडचीच बदला. उजवी चालेल अजून."

"भाऊ, तुम्ही गणपतीचा एकच कान रंगवून देता काय?"

दोन्ही बदलल्या!

* * *

पुढच्या सर्व्हिसिंगला खालांच्या डिस्कही झिजून मापात बसेनात. पुढच्या दोन्ही नव्या टाकल्या, पॅडही नवे. बजावलं, "सुरुवातीला करकचून ब्रेक मारायचा नाय. हळूहळू दाबायचा, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्यायचे."

खाला म्हणाल्या, "म्हणजे नवी सून! पहिले थोडे दिवस आवाज चढवायचा नाय!"

* * *

रिझवान सुट्टीवर आला. डिस्क बदलल्याचं ऐकून त्याने तीच भानगड धरली. मी समजावलं, "अरे, झिजणारी वस्तू झिजतेच." ऐकेना. गाडी विकायला पेणहून एक गिऱ्हाईक ट्रेनने बोलावून घेतलं.

खाला म्हणाल्या, "ट्रायल मी देणार." गिऱ्हाईक पुढे बसलं. मागे रिझवान आणि मी.

रोह्याच्या बाहेर मोकळा रस्ता लागला. खालांनी गाडी पळवली आणि झाडीतून एक म्हैस मधोमध येऊन उभी राहिली! खालांनी ब्रेक दाबला. ना आवाज, ना थरथर. गाडी सरळ रेषेत म्हशीच्या अलीकडे थांबली.

"वा!" गिऱ्हाईक ओरडलं. "असा ब्रेक नव्या गाडीला पण नाय! रिझवानभाई, गाडी मी घेतली!"

मी कपाळावर हात मारला. माझंच काम खालांच्या मुळावर आलं होतं!

खालांनी गिअर टाकला. गाडी वळवली आणि रोहा स्टेशनसमोर अलगद आणून लावली.

"उतर बाबा. पेणची गाडी लागलीय."

"पण आपला व्यवहार?"

"ब्रेक चांगला हाय असं आताच म्हणालास ना?"

"व्हय, एकदम मस्त."

"ब्रेक बिघडला तर विकायची, असं ठरलेलं."

गिऱ्हाइकाने मागे वळून रिझवानकडे बघितलं. रिझवान खाली उतरला, त्याच्यासाठी पुढचं दार उघडलं, हात मिळवला. तो गेल्यावर स्वतः पुढे बसला आणि पट्टा लावत म्हणाला, "अम्मी, चल घरी. पण जरा हळू!"