सरोजबाईंचा चौथा पाट

मालनची शाळा तिसरीत संपली. चौथीच्या वर्गात ती एक दिवस गेली होती, पण धाकट्या भावाला कडेवर घेऊन, आणि मास्तरांनी दोघांनाही घरी पाठवलं. त्यामुळे लिहायचं म्हटलं की तिचा हात अजून अडखळतो. डोकं मात्र कधी अडखळलं नाही. कल्याणात अकरा घरी तिचे जेवणाचे डबे जातात, बारा वर्षं झाली, पण तिच्या घरात एक वही सापडायची नाही.

एरवी हे सोपं वाटेल. पण चातुर्मास आला की बघा. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी भातच. एक गृहस्थ दर वर्षी कारलं सोडतात, जे ते एरवीही खात नाहीत. हे सगळे नेम लोक मालनला आषाढात एकदाच सांगतात आणि कार्तिकापर्यंत निर्धास्त होतात.

तिची युक्ती कुणाला ठाऊक नव्हती. मालन सात वर्षांची असताना जुन्नरकडच्या तिच्या गावात लग्नाच्या पंगतीत मीठ वाढायचं काम तिच्याकडे असे. मीठ सगळ्यांत आधी, पानाच्या वरच्या टोकाला. पंगतीत कोण कुठे बसलं, कुणी पुन्हा मागितलं, कुणी नको म्हणून पानावर हात आडवा धरला, हे तिला नुसतं दिसत राही. तीच पंगत तिनं मनात तशीच ठेवली होती. सकाळी डबे भरताना ती अकरा पाट मांडी, अकरा गिऱ्हाइकं बसवी, आणि प्रत्येकाच्या पानात काय वाढलंय ते नुसतं बघून डब्यात भरी. नवऱ्यालाही तिनं हे सांगितलं नव्हतं. आपली बायको रोज सकाळी परक्या माणसांना पाटावर बसवते, हे ऐकून मारुतीराव काय म्हणाले असते कोण जाणे.

मारुतीरावांची रीत याहून सोपी. ती ज्या क्रमानं डबे भरी, त्याच क्रमानं ते दोन पिशव्यांत ठेवत आणि त्याच क्रमानं सायकलवरून पोचवत. डब्यांवर नाव नाही, खूण नाही. चौथा डबा सरोजबाईंचा, पाचवा त्यांच्या समोरच्या दारातल्या देवयानीचा, अकरावा राघोअण्णांचा.

श्रावणातल्या एका बुधवारी चौथ्या डब्यातून लसणीची फोडणी घातलेलं, वर कच्चा कांदा पेरलेलं वांग्याचं भरीत निघालं.

सरोजबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं त्यांनी चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं शिवलेलं नव्हतं. एका डब्यात तिन्ही नेम मोडले. त्यातून त्यांचा चष्मा दुसऱ्या खोलीत होता, त्यामुळे कळेपर्यंत अर्धी भाकरी संपली होती. भरीत चांगलं झालं होतं, याचा त्यांना जास्त राग आला. तिकडे राघोअण्णांनी सरोजबाईंच्या वाटची लाल भोपळ्याची मिळमिळीत भाजी मुकाट्यानं खाल्ली. डॉक्टरनं परस्पर मालनला फोन केला असणार, असं त्यांना वाटलं.

सरोजबाईंनी तक्रार मालनकडे केली नाही. त्यांनी थेट संदेशला फोन लावला. संदेश मालनचा मुलगा, घोडबंदर रोडला राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे. पण सातवीत तो सरोजबाईंच्या वर्गात होता, आणि त्यांचा आवाज ऐकताच तो भर मीटिंगमध्ये उभा राहिला.

संध्याकाळी तो कल्याणला आला. मारुतीराव शपथेवर सांगत होते की त्यांनी क्रम बदलला नाही, चौथा तो चौथाच दिला. म्हणजे चूक आईची. आता डबे पुरे, संदेश म्हणाला, दोघंही माझ्याकडे चला, तेविसाव्या मजल्यावर वारा काय सुंदर येतो. आधी डॉक्टरला दाखवू, तोवर डब्यांना सुट्टी. स्मरणशक्तीची तपासणी असते, तिच्यात काही निघालं तर मग ऐकायचं नाही, डबे कायमचे बंद.

मालननं वाद घातला नाही. तीच मनातून घाबरली होती. तिची आई शेवटच्या वर्षी तिला, तू कुणाची गं, असं विचारायची, आणि मालन दर वेळी तिला सांगायची. चूक कशी झाली हे रात्रंदिवस आठवूनही तिला सापडत नव्हतं. भरीत तिनं अण्णांच्याच पानात वाढलं होतं. तिला ते अजून दिसत होतं.

ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई अगदी तरुण निघाल्या. अंतरा नाव. त्यांनी आधी तारीख विचारली. मालननं श्रावण वद्य पंचमी सांगितली. डॉक्टरीणबाईंनी आपल्या मोबाइलवर बघितलं आणि बरोबरची खूण केली. मग त्यांनी कागदावर एक गोल दिला, त्यात घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली.

"घरच्या घड्याळातली की खरी?" मालननं विचारलं.

मारुतीराव वेळेवर निघावेत म्हणून घरचं घड्याळ तिनं वीस मिनिटं पुढे ठेवलं होतं. हे मारुतीरावांना त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच वस्तूंची नावं सांगते, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. पेरू, चादर, होडी, घंटा, चष्मा. मालननं लगेच पाच पाट मांडले. पेरू पहिला, पोरगेलासा, मांडी घालून. त्याच्याशेजारी चादर, नीटनेटकी, घडी न मोडता बसलेली. मग होडी, मग घंटा. चष्मा शेवटी, मास्तरांसारखा.

पुढे पाव तास उलटे वार म्हण, चित्रं ओळख, असं चाललं. संदेश कोपऱ्यात बसून प्रत्येक उत्तर ओठांतल्या ओठांत आधी देऊन बघत होता. उलट्या वारांत तो गुरुवारी अडकला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग डॉक्टरीणबाईंनी त्या पाच वस्तू विचारल्या.

"पेरू, चष्मा, होडी, घंटा, चादर."

"पाचही बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क्रम बदलला तरी चालतो. पण आजी, चादर शेवटी कशी गेली?"

"मीच उठवलं तिला. होडीतून पाणी गळत होतं, चादर भिजली असती. म्हणून चष्म्याला म्हटलं, तुम्ही या इकडे, तिला..."

मालन बोलता बोलता थांबली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई. सरोजबाई."

तिच्याकडून सगळं काढून घ्यायला डॉक्टरीणबाईंना दहा मिनिटं लागली. त्या बुधवारच्याच आठवड्यात सरोजबाई आणि देवयानीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. देवयानीनं जिन्याजवळ चपलांचं कपाट ठेवलं, ते सरोजबाईंच्या दारात दोन बोटं येत होतं. दोघी बोलेनाशा झाल्या. आणि मालनच्या पंगतीत तर त्या मांडीला मांडी लावून. भांडलेल्या बायकांना शेजारी जेवायला बसवणं बरं दिसत नाही, म्हणून त्या बुधवारी तिनं सरोजबाईंना उठवून अकराव्या पाटावर नेलं आणि राघोअण्णांना चौथ्यावर आणलं. डबे भरले ते नव्या पंगतीनं. पोचवले ते जुन्या.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?" मारुतीराव म्हणाले.

"काय सांगायचं? कुणी उठलेलं दिसलं का तुम्हाला?"

डॉक्टरीणबाई खूप वेळ हसल्या. मग त्यांनी संदेशला समजावलं की माणसाला नावं विसरायला होतं, पण जागा पक्क्या लक्षात राहतात. नाव जागेवर बसवलं की तेही राहतं. शिकलेली माणसं हे मुद्दाम शिकतात, तुमच्या आईला मीठ वाढता वाढता आलं. संदेशनं गोळी विचारली. त्या म्हणाल्या, गोळी नको, डब्यांवर नावं चिकटवा.

संदेशनं परतताना गाडीत एवढीच अट घातली. नावं चिकटवली तर डबे चालू. मालननं मान हलवली, आणि मारुतीरावांच्या अक्षरात अकरा नावं चिकटली.

पण सरोजबाईंकडे जाऊन सांगणं भाग होतं. मालन दुसऱ्याच दिवशी गेली, खाली बसली, आणि पंगतीची सगळी गोष्ट सांगून माफी मागितली. सरोजबाईंनी लसणीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचं तोंड उतरलं ते भलत्याच गोष्टीवरून.

"मला शेवटच्या पाटावर बसवलंस? राघोअण्णांच्या जागी?"

"भांडण झालं होतं ना, बाई."

"मग तिला उठवायचंस. बारा वर्षं चौथी बसतेय मी. मी का उठू?"

समोरचं दार किलकिलं होतं. देवयानी आतून म्हणाली की तीही उठणार नाही, पाचवा पाट तिचा आहे. एकमेकींशी न बोलता दोघींचं या बाबतीत एकमत झालं, आणि कधी नव्हे त्या दोघी मिळून मालनकडे रागानं बघू लागल्या.

तेव्हा दुसऱ्या सकाळी मालननं सरोजबाईंना मानानं चौथ्या पाटावर आणून बसवलं, राघोअण्णांना पाठवलं अकराव्यावर, आणि डबे भरायला घेतले. चौथ्या आणि पाचव्या पाटाच्या मध्ये तिनं चपलांचं ते कपाट उभं करून ठेवलं. आता दोघी निवांत जेवतात, एकमेकींना दिसत नाहीत.